टर्बोचार्जर असलेल्या इंजिनाची वंगण-व्यवस्था : गाळप हंगामापूर्वी करावयाच्या सुधारणा

सोलापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या गव्हाणीत हंगामाची पहिली मोळी पडली म्हणजे माळशिरस, माढा, पंढरपूर, मोहोळ या तालुक्यांतील रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची रीघ लागते. १९८० मध्ये भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले आणि त्यानंतर या भागात ऊस वाढत गेला. उसाबरोबर कारखाने वाढले, आणि कारखान्यांबरोबर ट्रॅक्टरांची अश्वशक्तीही वाढली. पूर्वी पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घरी असणे ही मोठी गोष्ट समजली जाई. आज पन्नास किंवा त्याहून अधिक अश्वशक्तीचे ट्रॅक्टर गावोगाव दिसतात आणि त्यांपैकी अनेकांच्या इंजिनावर टर्बोचार्जर बसविलेला असतो. सांगोल्याकडून डाळिंबे घेऊन जाणारी पिकअप गाडी, दूध संकलनाची जीप, ऊस तोडणीचे यंत्र आणि घरातील डिझेल मोटार यांतही बहुधा तोच टर्बो असतो.

शक्ती वाढली, परंतु इंजिनाला तेल देण्याच्या सवयी मात्र जुन्याच राहिल्या आहेत. त्याची किंमत ऐन हंगामात मोजावी लागते. ऊस वाहतुकीचा करार केलेल्या शेतकऱ्याने तोडणी टोळीला उचल दिलेली असते आणि ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता डोक्यावर असतो. अशा वेळी पौषात टर्बो जाम झाला तर टोळी बसून राहते, तोडलेला ऊस फडात वाळून वजनात घटतो आणि सुटे भाग व मिस्त्री मिळेपर्यंत दिवसामागून दिवस जातात. टर्बोचार्जर खराब होण्यामागे टर्बोचाच दोष फार थोड्या वेळा असतो. बहुतेक वेळा त्याच्यापर्यंत तेल पोहोचलेले नसते, किंवा पोहोचलेले तेल घाण असते, किंवा काम करून परत निघालेल्या तेलाची वाट बंद झालेली असते. म्हणून अधिक शक्तीसाठी पैसा खर्च करण्यापूर्वी तो तेलाच्या वाटेवर खर्च करणे हिताचे आहे.

जुने ऑइल इंजिन आणि नवा टर्बो

विहिरीवरील ऑइल इंजिनाने महाराष्ट्रातील शेतकऱ्याला यंत्राची पहिली ओळख करून दिली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढील काही दशकांत मोटेची जागा इंजिन व पंपाने घेतली. लिस्टर पद्धतीचे संथ इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेई. त्यात तेल थोडे कमी पडले, काळे झाले किंवा दुसऱ्याच जातीचे टाकले, तरी ते बरेच दिवस निमूटपणे चालत राही. त्या इंजिनाने शेतकऱ्याला एक प्रकारे लाडावूनच ठेवले. ‘तेल कमी दिसले की वर टाकावे, फार काळे झाले की बदलावे’ हा नियम त्याच काळातला आहे.

टर्बोला हा नियम लावता येत नाही. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराने एक चक्र फिरवावे आणि त्या चक्राच्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने स्वच्छ हवा दाबून इंजिनात भरावी, ही कल्पना स्वित्झर्लंडमधील अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांची असून तिचे पेटंट १९०५ सालचे आहे. जास्त हवा आत गेली म्हणजे जास्त डिझेल पूर्णपणे जळते आणि तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून अधिक शक्ती मिळते. मात्र पूर्ण भाराखाली हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. त्याच्या एका टोकाला असलेल्या धुराचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते, तर दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा असते. या दोन टोकांच्या मध्ये बोटभर लांबीचे बुश असतात. नेहमीच्या टर्बोत हे बुश तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतात. तो थर केसाच्या जाडीहूनही कमी असतो. थर आहे तोवर धातू धातूला लागत नाही. तो क्षणभर तुटला तरी बुश खरवडतात, दांडा डगमगतो आणि चक्राची पाती घरावर घासू लागतात.

येथे तेलाकडे दोन कामे असतात. एक वंगणाचे आणि दुसरे उष्णता वाहून नेण्याचे. हे दुसरे काम बहुतेकांच्या लक्षात येत नाही. टर्बो असलेल्या अनेक इंजिनांत तेलाचे बारीक फवारे पिस्टनच्या तळावर मारलेले असतात, तेही पिस्टन थंड ठेवण्यासाठीच. म्हणजे अशा इंजिनातील तेल अधिक तापते, अधिक राबते आणि लवकर थकते.

सुधारणा कोठून सुरू करावी

इंजिनाची वंगण-व्यवस्था सुधारावयाची म्हटले म्हणजे पुष्कळांच्या डोळ्यांपुढे मोठा ऑइल पंप किंवा चकचकीत ऑइल कूलर येतो. प्रत्यक्षात पहिली सुधारणा सर्वांत स्वस्त आहे, ती म्हणजे योग्य तेल आणि चांगला फिल्टर. डब्यावरील १५डब्ल्यू-४० हा आकडा तेलाचा घट्टपणा सांगतो, त्याची प्रत सांगत नाही. प्रत पाहण्यासाठी सीएफ-४, सीआय-४ प्लस, सीके-४ अशी अक्षरे वाचावी लागतात. डिझेल इंजिनासाठी यांतील नंतरची अक्षरे काजळी व उष्णता अधिक सोसणाऱ्या तेलाची आहेत. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत जी प्रत दिली असेल तिच्याखाली जाऊ नये. ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून आणि रस्त्यावरील नव्या वाहनांना एप्रिल २०२० पासून धुराचे अधिक कडक मानक लागू झाले. त्यांपैकी ज्यांच्या धुराच्या नळकांड्यात काजळी धरणारा फिल्टर आहे त्यांना कमी राखेचे तेलच वापरावे लागते. इतर तेलाची राख त्या फिल्टरात साचते आणि ती जाळून जात नाही.

आणखी एक चूक शेतावर नेहमी घडते. गिअर व हायड्रॉलिकचे तेल शिल्लक असले की तेच इंजिनात वर टाकले जाते. ते काम वेगळे आणि ते तेलही वेगळे. तसेच सुटे तेल, ओळखीच्या कंपनीच्या डब्यात पुन्हा भरलेले तेल किंवा पावतीशिवाय मिळणारे स्वस्त तेल टर्बोच्या इंजिनात टाकणे म्हणजे बचतीच्या नावाखाली जुगार खेळणे होय. सील तपासून व पावती घेऊनच डबा घ्यावा.

फिल्टरच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. फिल्टर तुंबला म्हणून तेल थांबत नाही. फिल्टरमध्ये किंवा त्याच्या बैठकीत एक झडप असते. फिल्टर तुंबला की ती उघडते आणि न गाळलेले तेल तसेच पुढे जाते. क्रँकच्या बेअरिंगला ते काही काळ चालूनही जाईल, पण टर्बोच्या बुशांना त्यातील कचकच सोसत नाही. त्यामुळे तेल बदलावे आणि फिल्टर पुढच्या खेपेपर्यंत ठेवावा ही काटकसर खोटी आहे. काढलेला फिल्टर फेकून देण्यापूर्वी तो कापून त्यातील कागद पिळून पाहावा. त्यात चकाकणारे धातूचे कण दिसल्यास इंजिन आतून झिजत आहे, असे समजावे. तेलाच्या रंगावरून मात्र निष्कर्ष काढू नये. डिझेल इंजिनातील चांगले तेलही थोड्याच तासांत काळे होते, कारण काजळी उचलून आपल्यात धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. ते दुधाळ दिसले किंवा त्याला डिझेलचा वास आला किंवा डिपस्टिकवरील पातळी आपोआप चढली, तर मात्र ताबडतोब इंजिन थांबवून कारण शोधावे.

तेल बदलण्याचा काळ किलोमीटरवर नव्हे तर तासांच्या मीटरवर मोजावा. अनेक ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत तो २५० तास दिलेला असतो, परंतु आपल्या ट्रॅक्टरची पुस्तिका पाहूनच तो ठरवावा. ऊस वाहतुकीत ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतो. हंगामात २५० तास होण्यास पंधरा-वीस दिवसही पुरतात. ‘दिवाळीला बदलले, आता होळीला बदलू’ या हिशेबात मधल्या तीन-चार पाळ्या चुकतात.

नळ्या, चाळणी व काटा

दुसरी सुधारणा नळ्यांची. टर्बोला तेल देणारी नळी बारीक असते आणि धुराच्या तापलेल्या भागाजवळून जाते. तिच्यात राहिलेले तेल भाजून त्याचा कोळसा होतो आणि नळीचे भोक आतून लहान होत जाते. बाहेरून मात्र ती नव्यासारखीच दिसते. अशी नळी तारेने खरडून साफ करण्याचा प्रयत्न करू नये, कारण सुटलेला कोळसा थेट बुशात जातो. टर्बो बदलताना ही नळी नवीच घालावी आणि तिच्या दोन्ही टोकांचे तांब्याचे वायसरही नवे वापरावेत. काही इंजिनांत नळीच्या बँजो बोल्टमध्ये बारीक जाळी असते. ती तेथे आहे हे पुष्कळ मिस्त्रींनाही ठाऊक नसते. ती तुंबली की नवा टर्बोही जुन्याच्या वाटेने जातो.

मूळची पोलादी नळी तडकत असेल तर उष्णता व दाब सोसणारी, पोलादी तारांच्या विणीची नळी बसविणे ही खरी सुधारणा ठरते. साधी रबरी नळी चालत नाही. ती धुराच्या नळकांड्याजवळ वितळली तर तेल तप्त लोखंडावर पडून आग लागते, आणि मागे उसाची वाळलेली पाचट असते. नळी मूळच्यापेक्षा रुंद घेण्याचेही कारण नाही. बोल्टमधील बारीक भोक मुद्दाम तसे ठेवलेले असते. टर्बोला मोजकेच तेल लागते आणि जास्त आले तर ते परत जाण्यापूर्वीच बाजूंनी झिरपू लागते.

तेल परत नेणारी खालची नळी याच्या उलट जाड असते. टर्बोतून निघालेले तेल फेसाळलेले असते. त्याला ढकलणारा दाब तेथे नसतो आणि ते केवळ आपल्या वजनाने चेंबरमध्ये उतरते. म्हणून ही नळी सरळ उताराची असावी. तिला पोट पडू नये, वळण चिमटू नये आणि तिचे तोंड चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडावे. या नळीच्या पॅकिंगला लावलेला चिकट मसाला आत ओघळून तिचे तोंड अर्धे बंद करतो. तेथे कोरडे पॅकिंगच वापरावे.

तिसरी सुधारणा म्हणजे तेलाच्या दाबाचा काटा. पुष्कळ गाड्यांत केवळ लाल दिवा असतो आणि तो दाब जवळजवळ संपल्यावर लागतो. तोवर टर्बोचे जे व्हावयाचे ते होऊन गेलेले असते. इंजिनावरील दाबाच्या जागी टी-जोड घालून काटा बसविण्याचे काम कोणत्याही चांगल्या मिस्त्रीला जमते. इंजिन गरम झाल्यावर मंद चालीत दाब प्रति चौरस सेंटिमीटर ०.७ किलोच्या आणि भाराखाली २ किलोच्या खाली जाऊ नये, असा टर्बोसाठी साधारण ठोकताळा आहे. पुस्तिकेतील आकडा वेगळा असल्यास तोच प्रमाण मानावा. आकड्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे काटा रोज कोठे उभा राहतो हे चालकाच्या ध्यानात असणे. तो दहा दिवसांत हळूहळू खाली आला तर इंजिन काही सांगत असते.

दाब कमी दिसला म्हणून पंपाच्या दाब-झडपेच्या स्प्रिंगखाली वायसर घालून तो वाढविण्याची युक्ती काही ठिकाणी केली जाते. हे ताप उतरविण्याऐवजी तापमापक हलविण्यासारखे आहे. दाब झिजलेल्या बेअरिंगमुळे किंवा चेंबरमधील तुंबलेल्या चाळणीमुळे घटलेला असतो. स्प्रिंग आवळल्याने थंड इंजिनातील दाब भलताच चढून फिल्टर फुटू शकतो. मोठ्या क्षमतेचा ऑइल पंपही इंजिन उतरवून बेअरिंग बदलण्याच्या वेळीच आणि इंजिन बनविणाऱ्याने तो सुचविला असेल तरच बसवावा.

ऑइल कूलर ज्या इंजिनावर मूळचा आहे तेथे तो प्रथम साफ करावा. उसाची पाचट, कुसळे आणि वाटेवरचा फुफाटा यांनी रेडिएटर व कूलरच्या पापुद्र्यांत अक्षरशः गादी तयार होते. सोलापूरचा मे महिना चाळीस अंशांच्या वर जातो. तेव्हा नांगरटीला लावलेल्या ट्रॅक्टरचा कूलर असा तुंबलेला असेल तर तेल पातळ होऊन दाब पडणारच. हवेने किंवा हलक्या पाण्याने, आतून बाहेरच्या दिशेने ते धुवावे. नवा कूलर बसवावयाचा झाल्यास तेल गरम होईपर्यंत त्याला वगळून जाणारी झडप असलेलाच घ्यावा. माघातील पहाटे गार पडलेले घट्ट तेल कूलरमधून फिरत राहिले तर ते टर्बोपर्यंत उशिरा पोहोचते.

काही मोटारींत धुराऐवजी इंजिनाच्या पट्ट्याने चालणारा सुपरचार्जर असतो. आपल्याकडे तो क्वचितच आढळतो. त्यांपैकी पुष्कळांत गिअरचे तेल स्वतंत्र पेटीत असते आणि ते इंजिनाच्या तेलाबरोबर बदलले जात नाही. त्याची मुदत वेगळी लक्षात ठेवावी लागते.

टर्बो नसलेल्या इंजिनावर टर्बो

जुन्या, टर्बो नसलेल्या ट्रॅक्टरवर किंवा जीपवर दुसरीकडचा टर्बो चढवून देण्याचे काम काही गॅरेजांत होते. पहिले काही दिवस गाडी जोरात ओढते, आणि शेजाऱ्यालाही तो मोह पडतो. पण अशा इंजिनात पिस्टनवर तेलाचे फवारे नसतात, पंपाचे माप टर्बोचा वाटा धरून काढलेले नसते, चेंबरमध्ये तेलही कमी मावते. परतीच्या नळीसाठी चेंबरला भोक पाडताना पडलेला लोखंडाचा कीस आत राहिला तर तोच पुढे बेअरिंग खातो. अशा बदलाला कायद्याचीही आडकाठी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. ट्रॅक्टर हेही मोटार वाहनच असल्याने अपघात झाल्यास विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. ज्याला खरोखरच अधिक शक्तीची गरज आहे त्याने तेवढ्या शक्तीचा ट्रॅक्टर घ्यावा किंवा भाड्याने लावावा. एक ट्रॉली कमी ओढणे हाही उपाय आहे, जरी तो कोणाला आवडत नसला तरी.

कारखान्याच्या आवारात

सर्व भाग उत्तम असूनही टर्बो चालकाच्या हातून बिघडतो. भरलेल्या दोन ट्रॉल्या चढावरून ओढून आणावयाच्या आणि काट्यापाशी पोहोचताच चावी फिरवून इंजिन बंद करावयाचे, ही नेहमीची रीत आहे. इंजिन थांबते, त्याबरोबर ऑइल पंपही थांबतो. टर्बोचा दांडा मात्र काही क्षण फिरतच असतो आणि तप्त घराची उष्णता आतील थांबलेल्या तेलात उतरते. तेथेच त्या तेलाचा कोळसा होतो. म्हणून भाराखाली चालून आलेले इंजिन बंद करण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे मंद चालीत ठेवावे. सकाळी सुरू केल्यावरही दाबाचा काटा उभा राहून मिनिटभर जाईपर्यंत वेग वाढवू नये.

याच्या अगदी उलट चूकही त्याच आवारात दिसते. रांग सरकेल या आशेने ट्रॅक्टर दोन-दोन, तीन-तीन तास मंद चालीत गुरगुरत ठेवले जातात. मंद चालीत टर्बोच्या दोन्ही चक्रांमागे वायूचा दाब फारसा नसतो आणि आतील तेल कडांनी बाहेर येऊ लागते. डिझेल अर्धवट जळून काजळी वाढते व तेलात डिझेल मिसळते, शिवाय तासांचा मीटर फुकट पळतो. तीन मिनिटे पुरेशी आहेत, तीन तास नकोत. चालक पगारी असेल तर मालकाने हे त्याला एकदा समजावून सांगावे आणि रांगेत जाळलेल्या डिझेलचा हिशेबही दाखवावा.

निळा धूर दिसला म्हणजे

नळकांड्यातून निळसर धूर येऊ लागला की ‘टर्बो गेला’ असे म्हणून नवा टर्बो मागविला जातो. येथे थोडा धीर धरल्यास मोठा खर्च वाचू शकतो. टर्बोमधील सील रबराचे नसतात. पिस्टनच्या रिंगांसारख्या बारीक धातूच्या त्या कड्या असतात आणि तेल वेळेवर खाली उतरून गेले तरच त्या तेल अडवू शकतात. परतीची नळी तुंबली किंवा चेंबरचा ब्रीदर बंद होऊन आत दाब साठला, तर नवा टर्बोही पहिल्याच दिवशी तेल ओकू लागतो. म्हणून प्रथम ब्रीदर काढून धुवावा, परतीची नळी पाहावी आणि तेलाची पातळी खुणेच्या वर नाही ना हे तपासावे. एअर क्लीनर तुंबला असल्यासही चक्र तेल ओढून घेते, आणि तो गळका असल्यास आत गेलेली धूळ पाती झिजविते. एअर क्लीनरपासून टर्बोपर्यंतच्या रबरी नळीची चिर हाताने चाचपून पाहावी.

यानंतरही धूर राहिला तर इंजिन थंड असताना नळी काढून दांडा बोटांनी हलवून पाहावा. वरखाली किंचित हालचाल होणे दोषाचे नाही. तेलाच्या थरासाठी ती जागा ठेवलेलीच असते. पुढे-मागे हालचाल हाताला स्पष्ट जाणवली किंवा पाती घराला लागल्याची खूण दिसली, तर मात्र टर्बो उतरविलाच पाहिजे.

नवा टर्बो बसविताना प्रथम इंजिनाचे तेल व फिल्टर बदलावेत. टर्बोच्या तेलाच्या तोंडात स्वच्छ तेल ओतून चक्र हाताने फिरवावे, मगच नळी जोडावी. डिझेलचा पुरवठा बंद ठेवून, स्टार्टरला मध्ये विसावा देत, काट्यावर दाब दिसेपर्यंत इंजिन थोडे थोडे फिरवावे. सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटे मंद चालीत ठेवून सर्व जोड गळतात का ते पाहावे. पहिल्या दिवसाच्या फेऱ्या झाल्यावर इंजिन थंड होऊ द्यावे आणि नळ्यांचे बोल्ट पुन्हा एकदा पान्ह्याने तपासावेत. उतरविलेले जळके तेल घमेल्यातून बंद डब्यात भरून ठेवावे. ते विहिरीच्या काठी, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये, तर अधिकृत संकलकाकडे द्यावे.